बरी असताना लावायचं तेल

माझ्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस आजारी असे. निदान तसं सांगत असे.

कुंभकोणमला मोठ्या तळ्याकडून बाजाराच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला माझं दुकान. वडिलांच्या वेळी तिथं नुसत्या मुळ्या, साली आणि चूर्णं मिळत. काचेचं कपाट मी आणलं आणि त्यात तेलं मांडली. चंदनाचं, निलगिरीचं, मलबारातून येणारं गवती चहाचं, आणि वाळ्याचं. वाळ्याचं तेल दाट आणि तपकिरी असतं. बाटली उलटी धरली तरी थेंब पडायला इतका वेळ लावतं की दुकानदाराचा हात आखडला आहे असं गिऱ्हाइकाला वाटावं. त्याचा वास आधी मातीचा येतो आणि मग, नाक थोडं थांबलं तर, मातीखालच्या थंड पाण्याचा.

एक वयस्क वकील नेमानं यायचे आणि चंदनाच्या तेलाची चिमुकली कुपी न्यायचे. पोटातल्या उष्णतेसाठी, असं ते म्हणत. कुपी हातात पडली की दुकानाच्या पायरीवरच बूच काढून तेलाचं बोट कानामागे फिरवत.

मी एकदा विचारलं, "उष्णता कानामागं असते का?"

"सगळीकडं असते," ते म्हणाले, आणि छत्री उघडून निघून गेले.

आमच्या गावात वास आवडतो असं म्हणायची सोय नव्हती. फुलं देवासाठी, नाहीतर सवाष्णीच्या वेणीसाठी. चंदन मूर्तीसाठी, नाहीतर दारी आलेल्या पाहुण्याच्या मनगटासाठी. त्यापलीकडे कुणाला सुगंध हवा असेल तर त्याला काहीतरी दुखायला हवं. कुणी गवती चहाचं तेल डासांसाठी न्यायचं आणि उशीच्या अभ्र्याला लावायचं. कुणी निलगिरी सर्दीसाठी न्यायचं आणि वर्षभर हुंगायचं. मी त्यांना हसत नव्हतो. दुकान उघडण्याआधी मीही रुमालावर निलगिरीचा थेंब टाकत असे आणि बायकोनं पाहिलं तर नाक ओढत असे.

हे सगळं मला गमतीचं वाटत होतं. माझ्या बहिणीचे केस त्यावर टांगले जातील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

बहीण माझ्याहून बरीच धाकटी. तिला पट्टीश्वरमला दिलं होतं. माणूस वयानं मोठा होता, आणि ते स्थळ मी आणलं होतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे काही केलं त्यात किती धैर्य होतं आणि किती प्रायश्चित्त, ते माझं मलाच वेगळं करता येत नाही. लग्नानंतर काही वर्षांतच तो गेला. मूल नव्हतं. दहाव्याला न्हावी बोलवायचं तिच्या सासरी ठरलं होतं, कारण विधवेचं केशवपन आमच्या लोकांत अजून चालू होतं. आमचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आले. तिकडे महाराष्ट्रात पुढे काय काय सुटलं ते आम्हांला कळलंच नाही. आम्ही जे घेऊन आलो ते घट्ट धरून बसलो, भाषा धरली तशीच ही रीतही.

दहावा उजाडायच्या आधी मी भाड्याची बैलगाडी घेऊन गेलो आणि तिला घरी घेऊन आलो. वाटेत ती एकदाच बोलली. "अण्णा, तिथं चाललंय ते घरी चालणार नाही कशावरून?"

मी म्हणालो, "मी आहे म्हणून."

हे बोलणं सोपं होतं. घरी काका होते.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. शेजारच्याच गल्लीत राहत. घराण्यात त्यांच्याहून मोठं कुणी उरलं नव्हतं. गोविंदपुरमच्या मठात ते भजन म्हणत आणि दर एकादशीला आमच्या घरच्या बैठकीत. त्यांचा गळा गोड होता आणि ते दुष्ट नव्हते. वडील गेल्यावर दुकान बुडत होतं तेव्हा ते माझ्याबरोबर गल्ल्यावर बसले होते. हे सांगितलं नाही तर माझं बंड फार सोपं वाटेल.

बहीण आल्याच्या संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "केस राहू देत. तुझ्याकडे बघून म्हणतोय. पण केसांत काही नको. फूल नको, वास नको, समोर आरसा नको. तिच्याकडं बघून कुणाला केस आठवता कामा नयेत."

"आणि कधी काही झालंच तर?"

"तर मग न्हावी आहे."

मी मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतर बहीण मधल्या खोलीत खांबाला पाठ लावून बसू लागली. जेवायला बोलावलं की जेवायची, पाणी भरायची, तांदूळ निवडायची. झोपायची नाही. पहाटे मी उठलो की ती त्याच खांबाशी बसलेली असायची. डोकं दुखतं म्हणायची, आणि ते खरं होतं. कपाळाच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबून धरल्यानं तिथं वळ उठायचे.

माझी बायको कमी बोलते आणि बोलते तेव्हा टोचून बोलते. एके सकाळी मी दुकानाला निघताना ती म्हणाली, "अख्ख्या गावाला झोप विकता. घरात एक बाई जागी आहे तेवढं बघा."

त्या दिवशी मी वाळ्याची कुपी घरी आणली. तिळाचं तेल लोखंडी पळीत तापवलं आणि त्यात दोन मिरे टाकले. चुलीवरून उतरवून बोटाला सोसवेल इतकं निवू दिलं आणि मगच वाळ्याचे थेंब घातले. उकळत्या तेलात घातले तर वास घरभर होतो आणि डोक्याला काही उरत नाही. बायकोनं वाटी बहिणीच्या हातात दिली. तिनं ती नाकाशी नेली आणि तशीच धरून बसली.

"लावा की, वन्सं. प्यायचं नाहीय ते."

"थांबा हो वहिनी," बहीण म्हणाली. "आधी वास घेऊ द्या."

नवरा गेल्यापासून तिनं काही मागितलेलं मी ऐकलं ते तेवढंच. बायकोनं तिच्या डोक्यावर तेल थापलं, कानशिलं चोळली. दुसऱ्या दिवशी पहाटे खांबापाशी कुणी नव्हतं. ती चटईवर झोपली होती, तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायची तशी. मी तिथं उभा राहिलो आणि मला रडू आलं. ते आनंदाचं होतं असं म्हणायला मला आवडेल, पण मुख्यतः ते भीतीचं होतं. त्या खोलीत वाळ्याचा वास ठेवल्यासारखा बसला होता.

पुढच्या एकादशीला काका आले, चिपळ्या खाली ठेवल्या आणि थांबले.

"घरात वाळा?"

"पाण्याच्या मडक्यात टाकलाय," मी म्हणालो.

"मडकं स्वयंपाकघरात आहे. वास मधल्या खोलीतून येतोय."

 माझ्या तोंडी दुकानातलं वाक्य आपोआप आलं. "तिच्या डोक्यात उष्णता चढलीय, काका. झोप नव्हती. औषध आहे ते."

काकांनी विचार केला. खरोखर केला, कारण शास्त्राच्या बाबतीत ते प्रामाणिक होते. शेवटी म्हणाले, "औषधाला दोष नाही. बरी होईपर्यंत लावू दे."

मी सुटकेचा श्वास सोडला. मी बहिणीला कुठं अडकवलं ते मला तेव्हा दिसलं नाही. तिला तेल हवं असेल तर तिनं आजारी राहायला हवं होतं.

दर एकादशीला भजनाआधी काका मधल्या खोलीच्या दाराशी येत आणि मायेनं विचारत, "डोकं कसं आहे गं?"

"आहे, काका."

"दुखतं?"

"दुखतं."

"लाव हो तेल," असं म्हणून ते बैठकीत जात.

पहिले काही महिने ते खरंही होतं. मग हळूहळू डोकं दुखायचं राहिलं, झोप आली, भूक आली. ती वाटी घेऊन स्वतः तेल करायला लागली. माझ्यापेक्षा तिला घाई कमी होती, म्हणून तिचं तेल चांगलं व्हायचं. पावसाळ्यात घराला ओल आली की ती फरशी पुसायच्या पाण्यात गवती चहाच्या तेलाचे थेंब टाकायची. कुणाला पडसं झालं तर निलगिरीची वाफ द्यायची, डोक्यावरून पंचा घालून. शेजारच्या बायका परसदारानं तिच्याकडं येऊ लागल्या. कुणाला झोप नसे, कुणाला घरात सासूशी बोलल्यावर धडधडत असे. दुकानात मी विचारायचो, काय होतंय? बहीण बायकांना विचारायची, कुठला वास आवडतो? बायका गोंधळून जात. एकीनं तर सांगितलं की हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही, आठवून उद्या सांगते. आणि खरंच दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, दवणा. तिच्या माहेरच्या रस्त्यावर दवण्याच्या जुड्या विकायला असत.

दुसऱ्या वर्षी बहिणीला हसू फुटलं. मला ते ओट्यावर ऐकू आलं आणि मी आधी रस्त्याकडं पाहिलं. कुणी ऐकलं तर नाही ना, हे बघायला. असा मी होतो.

दशमीच्या दुपारी माझी बायको तिला म्हणायची, "वन्सं, उद्या एकादशी. आजपासून कण्हायला लागा."

मग दोघी चुलीपाशी बसून कण्हण्याचा सराव करायच्या. बायको काकांचा आवाज काढायची, "डोकं कसं आहे गं?" आणि बहीण पदर तोंडावर घेऊन "दुखतं" म्हणायची आणि पदराआड हसायची. मीही हसायचो. एकदा अशाच हसण्यानंतर बहिणीनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

"वहिनी, किती दिवस दुखवायचं?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "एका शब्दानं काय बिघडतं? तेल चालू आहे ना?"

बहीण म्हणाली, "तेल चालू आहे. मी बंद आहे."

मी चपला घातल्या. दुकानाची वेळ झाली होती, आणि झाली नसती तरी मी निघालो असतो.

त्या काळात हिंदू बायकांच्या वारसाहक्काच्या कायद्याबद्दल वर्तमानपत्रांत रोज काहीतरी येत असे. काका ते वाचून दाखवत आणि घडी करून ठेवत. "दिल्लीत काही का पास करेनात," म्हणत, "आपलं घर दिल्लीत नाही." मी हो म्हणत असे. बहीण आत ऐकत असे.

मार्गशीर्षातल्या एकादशीला आमच्याकडे मोठं भजन असायचं. त्या वर्षी बैठक भरली होती. बायका मधल्या खोलीत, पुरुष बाहेर. मी चंदन उगाळून ठेवलं होतं आणि चांदीची गुलाबदाणी गुलाबपाण्यानं भरली होती. काका दारात आले तेव्हाच आतून बहिणीचं हसणं आलं, मोठं, गळ्यातून आलेलं. कुणा बाईनं काहीतरी म्हटलं असावं. काका चपला काढता काढता थांबले. मग नेहमीसारखे मधल्या दाराशी गेले.

"डोकं कसं आहे गं?"

"बरं आहे, काका."

मी उंबऱ्यापाशी होतो. माझ्या हातात चंदनाचं तबक होतं.

"बरं आहे?"

"बरेच दिवस बरं आहे."

काकांचा चेहरा खरोखर उजळला. त्यांना आनंद झाला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. "चांगलं झालं. मग तेल बंद करायला हरकत नाही."

"नाही काका, तेल लावणार आहे."

"कशाला? आता दुखत नाही ना?"

"दुखत नाही. मला तो वास आवडतो."

बैठकीत कुणाच्या तरी झांजा वाजत होत्या, त्या थांबल्या. मी पुढं झालो. "काका, म्हणजे तिला अधूनमधून अजून थोडं—"

"अण्णा, गप्प बैस," बहीण म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "दुखत नाही मला."

काका ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "आपलं काय ठरलं होतं ते तुला ठाऊक आहे."

"तुमचं आणि अण्णाचं ठरलं होतं."

"बरं," ते म्हणाले. "उद्या सकाळी न्हावी येईल. परसदारानं."

मग ते बैठकीत जाऊन बसले आणि भजनाला सुरुवात केली. त्या दिवशी ते फार चांगलं गायले. आणि मी त्यांच्यामागं बसून झांजा वाजवल्या, एकही ठोका न चुकवता. गाणं सुरू झालं की हात वाजवतात, लहानपणापासूनची सवय. त्या ठोक्यांची मला आजही लाज वाटते.

भजन संपल्यावर तबक फिरवायचं काम माझं होतं. प्रत्येकाच्या मनगटाला चंदन लावायचं आणि अंगावर गुलाबपाणी शिंपडायचं. विधवेपुढून तबक न थांबता पुढं जायचं, अशी रीत. मी मधल्या खोलीत गेलो, बहिणीपुढं आलो आणि थांबलो. सगळ्या बायका बघत होत्या. मी बोटावर चंदन घेतलं.

तिनं हात पदराखाली घेतला. "आज नको," ती म्हणाली. "उद्या न्हावी आल्यावर तू काय करतोस ते बघू. मग लाव."

सकाळी ती नेहमीच्या वेळेला उठली, आंघोळ केली, चूल पेटवली. मी तिला म्हणालो, मदुरैला माझ्या मेव्हण्याकडं जातेस का काही दिवस? ती म्हणाली, "एकदा पट्टीश्वरमहून पळवलंस, तेव्हा आले. आता कुठं कुठं पळवशील?"

न्हावी परसदाराची कडी वाजवून आत आला. तो आमचाच न्हावी, काकांची आणि माझीही दाढी करणारा. त्याचा उजवा खांदा धरायचा आणि त्यासाठी तो माझ्याकडून निलगिरीचं तेल न्यायचा. त्यानं विहिरीशेजारी पाट मांडला, पेटी उघडली आणि माझ्याकडं न बघता तमिळमध्ये म्हणाला, "सामी, मला सांगितलंय म्हणून आलो. अम्मांना बोलवा."

माझ्या मनात काहीही ठरलेलं नव्हतं. रात्रभर मी भाषणं रचली होती. काकांना काय सांगायचं, शास्त्र काय म्हणतं, काळ कसा बदलतोय. त्यातलं एकही वाक्य त्या परसात उपयोगाचं नव्हतं, कारण समोर एक माणूस वस्तऱ्याला धार लावत होता आणि एक पाट रिकामा होता. मी गेलो आणि पाटावर बसलो.

"सामी?"

"डोकं समोर आहे. कर."

"घरी कुणी गेलं का?" त्यानं घाबरून विचारलं. आमच्यात बाप गेला, आई गेली तर पुरुष डोकं करतो.

"कुणी गेलं नाही. सगळी जिवंत आहेत. कर."

त्यानं एकदा दाराकडं पाहिलं. मग त्यानं पाणी लावलं. पुढचं झालं, बाजू झाल्या. मागे आल्यावर त्याचा हात थांबला. माझी शेंडी मुंजीत वडिलांनी राखली होती, त्यांच्या मांडीवर बसवून. मोकळी सोडली तर पाठीवर यायची. तो म्हणाला, "शेंडी ठेवतो."

"तिची काय ठेवणार होतास?"

त्यानं वस्तरा फिरवला. शेंडी पाटाशेजारी पडली. मी वळून पाहिलं नाही, पण आवाज ऐकला. ओल्या दोरीसारखा. बायको मागच्या दारात उभी होती. तिच्या हातातला तांब्या तिथंच राहिला होता. ती म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंत तर सवय केली असती."

काका दूध-कॉफीच्या वेळेला आले. मी ओट्यावर बसलो होतो, डोक्यावर पंचा.

"न्हावी आला होता?"

"आला होता. केस काढून गेला."

त्यांनी मान हलवली. मग त्यांना काहीतरी खटकलं. "तिला बोलाव."

"तिचे नाही काढले."

"मग?"

मी पंचा काढला. काकांनी माझं डोकं पाहिलं, मग मागची बाजू पाहिली आणि त्यांचा हात आपोआप स्वतःच्या शेंडीकडं गेला.

"शेंडीसुद्धा?"

"हवी असेल तर परसात पडलीय, बघून या."

हे वाक्य मला परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. त्यांच्याशी तसं बोलायची गरज नव्हती. बाकी त्या सकाळचं मला काही परत घ्यायचं नाही.

"उद्या परत न्हावी पाठवलात तर परत मीच बसेन," मी म्हणालो. "काढायला काही उरलं नसलं तरी बसेन. तिचं डोकं दुखत नाही, काका. दोन वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो आणि तिला बोलायला लावलं. खोट्याबद्दल मला शिक्षा द्या. तेलाबद्दल देऊ नका."

काका ओट्याच्या कडेला टेकले. त्यांनी पाणी मागितलं. बहीणच घेऊन आली, पदर डोक्यावर, पण केसांचा वास लपण्यासारखा नव्हता आणि तांब्यातल्या पाण्यालाही वाळाच होता. काकांनी तांब्या हातात घेतला. ओठांपर्यंत नेला, आणि तिथं थांबला तो. मला वाटलं पितील. त्यांनी तो खाली ठेवला, अगदी हळू, न सांडता, आणि उठून गेले. ते आमच्या घरी परत आले नाहीत. एकादशीचं भजन पुढं त्यांच्याच घरी होऊ लागलं आणि आम्हांला बोलावणं येत नाही. संध्याकाळी त्यांच्या गल्लीतून जाताना गाणं ऐकू आलं की माझे हात अजून झांजा शोधतात.

ते गेल्यावर बहीण पळी तापवायला गेली. "इकडं ये," म्हणाली. "नुसतं डोकं घेऊन दुकानात गेलास तर ऊन लागेल." मी पुढं बसलो. तिनं तेल उतरवलं, निवू दिलं, वाळ्याचा थेंब पडेपर्यंत कुपी धरून उभी राहिली. नुकत्याच तासलेल्या कातडीवर ते तेल झोंबलं आणि मग थंड झालं. लाज वाटू नये म्हणून मी म्हणालो, "उन्हाला चांगलं औषध आहे हे."

"अण्णा, तुला काही झालंय का?"

"नाही."

"मग औषध कशाला म्हणतोस? वास घे."

मग तिनं मनगट पुढं केलं. कालचं चंदन सहाणेवर सुकलं होतं. मी त्यावर पाणी टाकून पुन्हा उगाळलं आणि तिच्या मनगटाला लावलं. बायको म्हणाली, "दोघं झालात ना? मला कोण लावणार?"

त्या दिवशी बाजारात जो भेटेल तो खालच्या आवाजात विचारायचा, घरी कोण गेलं? मी सांगायचो, कुणी नाही. लोकांना हे उत्तर पटायचं नाही. काही गिऱ्हाइकं काकांच्या शब्दाखातर माझ्या दुकानात यायची थांबली. काही परत आली. काही आली नाहीत. शेंडी मी पुन्हा राखली नाही.

बहीण आता दुपारी दुकानात तेलांच्या कपाटापाशी बसते. तिथं विधवेनं बसू नये, असं मला समजावून सांगायला दोन-तीन मोठी माणसं येऊन गेली. मी त्यांना बसायला दिलं, कॉफी मागवली, सगळं ऐकून घेतलं आणि तिला उठवलं नाही. तिचे केस कमरेच्या खाली आलेत, पुढचे पांढरे. ती येणाऱ्याला अजून तेच विचारते. वकिलांनाही विचारलं.

"कुठला वास आवडतो?"

ते गंभीरपणे म्हणाले, "आवडीचा प्रश्न नाही, अम्मा. पोटाचा आहे."

तिनं त्यांना चंदनाची कुपी दिली. त्यांनी पायरीवर जाऊन कानामागं बोट फिरवलं, छत्री उघडली, आणि मग परत दोन पायऱ्या चढून आत डोकावले. "वाळ्याचा तो कुठला?" त्यांनी विचारलं. "पोटासाठी नाही. नुसता बघायला."

बहिणीनं कुपीचं बूच काढून त्यांच्यापुढं धरलं. ते डोळे मिटून उभे राहिले, आणि मागं गिऱ्हाईक ताटकळत होतं तरी मी त्यांना बाजूला व्हा म्हटलं नाही.